दोन दप्तरांची शाळा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? चला मग.

मागच्या महिन्यात एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. आम्ही इंजिनिअरिंगला एकत्र होतो, आता तो इथेच, संभाजीनगरात, किराडपुऱ्याजवळ राहतो. त्याची मुलगी दुसरीत आहे. सकाळी सहाला उठून अरबी शिकायला मक्तबमध्ये जाते. तिथून घरी, डबा, आणि मग इंग्रजी मीडियमची शाळा. दोन दप्तरं. मित्र म्हणाला, "यार, पोरगी दमते. एक दप्तर कमी करायचं तर कुठलं करू, सांग ना."

मी काय सांगणार? मी स्वतः सिडकोत वाढलो. आमच्याकडे दर रविवारी गीतापाठांतराचा वर्ग असायचा, आणि मी पोट दुखतंय सांगून किमान अर्धे रविवार बुडवलेत. पण त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. शाळा जगासाठी तयार करते, घर धर्म शिकवतं, आणि दोन्हींचं ओझं त्या एका लहान पाठीवर. हे दोन्ही एकाच इमारतीत, एकाच वेळापत्रकात बसवता येईल का?

शोधायला बसलो तेव्हा वाटलं होतं की अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंडमधल्या ज्यू डे स्कूलांपाशी जाऊन थांबीन. तिथे हे मॉडेल प्रसिद्ध आहे. दिवसाचा एक भाग हिब्रू, तोरा, प्रार्थना आणि दुसरा भाग गणित, विज्ञान, इतिहास. पण धागा ओढत गेलो तो थेट मुंबईला माझगावात, आणि तिथून कोकणात, अलिबागजवळच्या गावांत पोहोचलो. म्हणजे ही गोष्ट मराठी आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नाही.

शनिवार तेली

अलिबाग, पेण, रोहा, मुरुड या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे काही लोक होते. मराठी बोलायचे, बायका नऊवारी नेसायच्या, आडनावं गावांवरून पडलेली. किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. शेजाऱ्यांना एकच गोष्ट विचित्र वाटायची. हे लोक शनिवारी घाणा चालवत नसत. म्हणून नावच पडलं, शनिवार तेली.

हे बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि पुढचा सगळा समाज त्यांचा. ग्रंथ बुडाले, भाषा हळूहळू विसरली गेली. काय उरलं? शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खवले असलेलाच मासा खायचा हा नियम, आणि 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना. जन्म, लग्न, मरण, सगळ्या प्रसंगांना तीच.

सणही होते, पण त्यांची नावं ऐका. ज्याला जग योम किप्पूर म्हणतं, तो यांचा दरफाळणीचा सण, दार लावून घ्यायचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाचं नाव बिरड्याचा रोजा. बिरडं, म्हणजे आपली वालाची उसळ! पुरीमला होळीचा सण. विचार करा, एक अख्खा धर्म कोकणच्या स्वयंपाकघरातल्या शब्दांत जिवंत राहिला होता, आणि त्यात हिब्रूचं एक पुस्तक नव्हतं.

अठराव्या शतकात यातली बरीच कुटुंबं मुंबईला आली. काही कंपनीच्या पलटणीत भरती झाली. त्यांतल्याच सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. हार्बर लाइनवरच्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. पुढच्या वेळी तिथे उतराल तेव्हा आठवा.

व्याकरण आणलं मिशनऱ्यांनी

आता गोष्टीतला पहिला ट्विस्ट. या मराठी ज्यूंना हिब्रू शिकवलं कोणी? ख्रिस्ती मिशनऱ्यांनी.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांनी शाळा काढल्या, बायबलचं मराठी भाषांतर सुरू केलं. त्या शाळांत बेने इस्राएल मुलं शिकली आणि त्यांच्यातले काही जण तिथेच शिक्षकही झाले. मग १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. ज्यांच्या नावाने गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेज आहे, तेच. त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांच्या शाळेत हिब्रूही शिकवलं जायचं.

मिशनऱ्यांचा हिशोब सरळ होता. यांना यांचाच जुना करार वाचू द्या, मग नव्या कराराकडे आपोआप येतील. झालं उलट. मुलांनी आब्राहम, मोशे, दावीद मराठीत वाचले आणि त्यांना कळलं, अरे, ही तर आपलीच गोष्ट. धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले. बाकीचे पहिल्यापेक्षा पक्के ज्यू होऊन घरी आले. मुंबईत स्थायिक झालेल्या कोचीनच्या आणि बगदादच्या ज्यूंशी संपर्क वाढला, त्यांच्याकडूनही प्रार्थना आणि विधी कळत गेले.

यातून एक वेगळंच साहित्य तयार झालं. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहची पोथी, म्हणजे हगादा, छापली गेली. एका बाजूला हिब्रू, दुसरीकडे मराठी. तिच्यातल्या चित्रांत सणाची भाकर करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी आयुष्यभर हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८८० च्या सुमारास तर कीर्तनही आलं. नेहमीच्या मराठी कीर्तनाचीच पद्धत, आख्यान मात्र आब्राहमाचं किंवा योसेफाचं.

पण मुलांच्या रोजच्या शाळेचा प्रश्न तसाच होता. मिशनच्या शाळेत घातलं तर फी परवडते, शिक्षण चांगलं मिळतं, पण धर्माचा तास ख्रिस्ती. सरकारी शाळेत घातलं तर धर्माचा तासच नाही. आणि दोन्हीकडे सुट्टी रविवारी, शनिवार कामाचा. ज्या समाजाची ओळखच शनिवारवरून पडली, त्याच्या पोराने शनिवारी पाटी घेऊन जायचं? माझ्या मित्राचाच प्रश्न, दीडशे वर्षं आधी.

१८७५, मुंबई

हाईम सॅम्युएल केहिमकर हे नाव लक्षात ठेवा. १८७५ मध्ये त्यांनी मुंबईत 'इस्राएलाइट स्कूल' सुरू केलं. छोटी प्राथमिक शाळा. पैसा कमी, समाज कारकुनांचा, सुतारांचा, शिपायांचा. लंडनच्या अँग्लो ज्युइश असोसिएशनकडून मदत मिळायला लागली तेव्हा शाळेला बळ आलं. १८९२ मध्ये ती हायस्कूल झाली. पुढे १९३० च्या दशकात शांघाय आणि हाँगकाँगमधले बगदादी ज्यू व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं. सर एली कदूरी स्कूल, माझगाव. आजही आहे.

अभ्यासक्रम काय होता? सरकारी परीक्षेला लागतात ते सगळे विषय, म्हणजे इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल. घरची भाषा मराठी. आणि तिसरं हिब्रू, त्यासोबत धर्मशिक्षण.

इथे थोडं थांबतो, कारण मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट हीच आहे.

त्याच शतकात जगात इतर ठिकाणीही असे प्रयोग चालले होते. जर्मनीत फ्रँकफर्टला रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनी १८५३ मध्ये शाळा काढली, जिथे तोरा आणि जर्मन शाळेचे विषय एकत्र शिकवायचे. पॅरिसमध्ये १८६० ला 'आलियांस इस्राएलीत' ही संस्था निघाली आणि १८६२ पासून, मोरोक्कोतल्या तेतुआनपासून सुरुवात करून, तिने मुस्लिम देशांतल्या ज्यूंसाठी फ्रेंच शाळांचं जाळं उभं केलं. या सगळ्या ठिकाणी धर्माचं शिक्षण जुनं होतं. पोरं पिढ्यान् पिढ्या हिब्रू घोकत होती. नवीन होतं ते गणित, विज्ञान, फ्रेंच. म्हणजे जुन्या घराला नवी खिडकी पाडायची होती.

कोकणातल्या मुलासाठी मात्र हिब्रूसुद्धा नवीनच! आईला येत नाही, आजीला येत नाही. त्याच्या दृष्टीने इंग्रजी आणि हिब्रू दोन्ही परदेशी. इंग्रजी त्याला कचेरीत आणि रेल्वेत नोकरी देणार, हिब्रू त्याला लंडन, बगदाद, जेरुसलेमच्या लोकांशी जोडणार. म्हणजे आपण ज्याला "धार्मिक विषय" म्हणतो तोच या शाळेत "जागतिक विषय" होता. आणि जो खरा घरातला धर्म होता, बिरड्याचा रोजा, दरफाळणीचा सण, तो मराठीत होता आणि पुस्तकात नव्हता.

आमच्या भाषेत सांगायचं तर बाहेर सगळ्यांकडे एका जुन्या सिस्टीमवर नवीन व्हर्जन बसवणं चाललं होतं. इथे चालू सिस्टीमला पहिल्यांदा डॉक्युमेंटेशन लिहिलं जात होतं. आणि ज्याने कधी कोड लिहिलाय त्याला माहीत आहे, डॉक्युमेंटेशन लिहिताना जे कोणी लिहून ठेवत नाही ते हळूहळू गळून पडतं. हिब्रू नावं आली, सणांची जुनी मराठी नावं मागे पडत गेली. फायदा झाला, पण फुकट नाही झाला.

केहिमकरांना हे जाणवलं असावं असं मला वाटतं. कारण त्यांनी नुसती शाळा काढली नाही, समाजाच्या चालीरीती, सण, गाणी, आडनावं सगळं गोळा करून इतिहास लिहिला. पुस्तक १८९७ मध्ये लिहून तयार होतं. छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. ती जुनी सणांची नावं आज आपल्याला कळतात त्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

रिबेकाबाईंची अठ्ठावीस वर्षं

अभ्यासक्रम कागदावर कोणीही छान करतो. तो चालला का, हे माणसांवरून कळतं.

रिबेका रूबेन. जन्म १८८९. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. मुलींत नाही, सगळ्यांत. १९०५ मध्ये एका मुलीने मॅट्रिकला पहिलं येणं म्हणजे काय, हे आजच्या कुठल्याही टॉपरच्या बॅनरवरून कळणार नाही. पुढे इंग्लंडला जाऊन त्या शिकल्या. १९१७ ते १९२० या काळात समाजाचं वार्षिक पुस्तक संपादित केलं. आणि १९२२ मध्ये इस्राएलाइट स्कूलच्या प्रमुख झाल्या, त्या थेट १९५० पर्यंत.

अठ्ठावीस वर्षं. या काळात शाळा नावाने बदलली, देश स्वतंत्र झाला. त्यांनी मुलांसाठी लिहिलं, ज्यू इतिहास शिकवला, आणि मराठी, इंग्रजी, हिब्रू तिन्ही एका माणसात मावू शकतात हे स्वतः उभं राहून दाखवलं. माझ्या मते दोन दप्तरांचा प्रश्न वेळापत्रकाने सुटत नाही, अशा शिक्षकाने सुटतो. मुलांना समोर एक माणूस दिसतो ज्याच्यात दोन्ही विषय भांडत नाहीत, मग त्यांच्या डोक्यातही ते भांडत नाहीत. आमच्या रविवारच्या वर्गाचं घोडं नेमकं इथेच अडायचं. शाळेतले सर त्या वर्गाला हसायचे आणि वर्गातले काका शाळेला नावं ठेवायचे. मधल्या मधे मी पोट दुखवून घ्यायचो.

आणि मग वर्ग रिकामे झाले

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला. ज्या जगाशी शाळेने मुलांना हिब्रूतून जोडलं होतं, ते जग आता बोलावत होतं. पुढच्या दोन-तीन दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. देश स्वतंत्र झाला तेव्हा बेने इस्राएल साधारण वीस हजार होते. आज भारतात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास मानले जातात.

आणि तिकडे काय झालं? १९६२ च्या सुमारास इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने नियम काढला की बेने इस्राएल व्यक्तीचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायच्या आधी तिच्या आई-आजीकडची वंशावळ तपासा. शंका ही, की हे लोक खरे ज्यू आहेत का? ज्यांनी दोन हजार वर्षं शनिवार पाळला असं स्वतः सांगतात, ज्यांनी पोटाला चिमटा काढून पोरांना हिब्रू शिकवलं, त्यांना सर्टिफिकेट मागितलं. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं, आंदोलनं झाली. शेवटी १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने, क्नेसेटने, जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत.

मला हा भाग वाचून राग आला, खरं सांगतो. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शाळा तुम्हाला जगासाठी तयार करू शकते. जग तुम्हाला स्वीकारेल याची गॅरंटी शाळा देऊ शकत नाही. तेव्हा उभं राहायला पायाखाली काहीतरी आपलं लागतं. त्या लोकांकडे ते होतं. इस्राएलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं. दिमोना, लोद, अश्दोद या शहरांत आजही मलिदा होतो. एलिया पैगंबराच्या नावाने पोहे, खोबरं, गूळ घालून करतात तो. हिब्रूच्या देशात गेल्यावर त्यांनी जपलं काय, तर मराठी.

इकडे माझगावात शाळा बंद पडली नाही. ज्यू मुलं गेली, आजूबाजूच्या वस्तीतली मुलं आली, बरीचशी मुस्लिम. भायखळ्याला बगदादी ज्यूंनी काढलेली सर जेकब ससून शाळा आहे, तिथेही तेच, वर्गातली जवळपास सगळी मुलं मुस्लिम. जगाच्या बातम्या पाहून आपल्याला वाटतं की हे दोन शब्द एका वाक्यात शांतपणे येऊच शकत नाहीत. मुंबईत ते दोन शाळांच्या हजेरीपटावर गुपचूप येत राहिले.

कायदाही इथे जागा ठेवतो. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. आणि कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणाही मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणजे शाळा तुमची, पण जबरदस्ती नाही. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, शाळा सुरू झाल्यानंतर १४१ वर्षांनी.

आपल्या शहराकडे पाहिलं तरी हीच ओढ दिसते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे मिलिंद कॉलेज उभं केलं, आणि नाव निवडलं ते राजाला प्रश्न विचारायची मुभा देणाऱ्या बौद्ध ग्रंथावरून. डॉ. रफिक झकेरियांनी १९६३ मध्ये मौलाना आझाद कॉलेज काढलं. ज्यांना कोणाच्या तरी शाळेत पाहुणा म्हणून बसावं लागत होतं, त्यांनी आपल्या शाळा काढल्या, आणि मग दारं सगळ्यांना उघडी ठेवली. केहिमकरांची शाळा याच रांगेत आहे, फक्त बरीच आधी.

मित्राला मी शेवटी फोन केला. म्हटलं, कुठलं दप्तर कमी करू हे मला विचारू नकोस. मक्तबच्या मौलानांना एकदा तिच्या शाळेची वही दाखव, आणि शाळेतल्या बाईंना सांग की ही पोरगी सकाळी सहापासून जागी असते, उजवीकडून डावीकडे वाचायला शिकते. निदान दोघांना एकमेकांबद्दल माहीत तरी होऊ दे. आणि घरी दादीकडे जे आहे, जे कुठल्याच दप्तरात नाही, ते तिला झोपताना ऐकू दे.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाईंना भेटतो सोमवारी." काय झालं ते कळलं की सांगेन.

तुमच्याही घरात असं दुसरं दप्तर होतं का? पाठांतराचा वर्ग, मक्तब, संडे स्कूल, धम्मवर्ग, काहीही. त्यातलं आज काय आठवतं, आणि ते शिकवणारं माणूस कसं होतं, ते व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू.

भेटूया. काळजी घ्या.